राखाडी पट्ट्यातला वारा

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वादळ होऊन गेल्यावर जो तो मला तेच तेच विचारायला लागला, तेव्हा मी किती जणांवर खेकसले ते देव जाणे. "तुम्ही रडारवर काम करता ना बेन, मग सांगा ना, आमच्याकडची झाडं आडवी झाली आणि पलीकडच्या सोसायटीत कुंडीसुद्धा हलली नाही, असं कसं?" भाजीवाला विचारायचा, रिक्षावाला विचारायचा. रावपुऱ्यात चष्मा दुरुस्त करायला गेले, तर चष्मेवाल्यानंही तेच विचारलं. मी म्हणायचे, "वाऱ्याला विचारा." उत्तर नव्हतं असं नाही, पण रस्त्यात उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं.

मी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवते. गेली काही वर्षं आम्ही वादळांच्या रडार-चित्रांवर काम करतोय. लोकांना वाटतं, वादळ आलं म्हणजे सगळ्या गावावर सारखाच वारा सुटतो. तसं नसतं. वादळात पावसाचे लांबलांब पट्टे असतात. त्यांतल्या एखाद्या पट्ट्यातून वरचा जोराचा वारा मध्येच खाली उतरतो, एका वस्तीला झोडपून काढतो आणि शेजारच्या वस्तीला हातही लावत नाही. तो कुठे उतरला असेल ते मागाहून शोधायचं, हे आमचं काम. वादळ संपून लोकांनी झाडं उचलली की आमचं सुरू होतं. घरचे त्याला 'वरातीमागचं घोडं' म्हणतात, आणि मी चिडते.

यंदाचं वादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलं आणि बडोद्यापर्यंत येईतो बरंचसं थकलं होतं. बातम्यांत आमचं नावही नव्हतं. पण आमच्या घरात जे व्हायचं ते झालंच.

आम्ही फतेगंजच्या मागच्या बाजूला एका सोसायटीत राहतो. पुढच्या ओळीत माझे थोरले दीर आणि जाऊबाई, मागच्या ओळीत आम्ही दोघं. त्यांना मी भाऊजी आणि वहिनी म्हणते. भाऊजींनी जन्मभर शहराबाहेरच्या कोयलीला नोकरी केली, रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये. दाब किती, तापमान किती, कुठला काटा कुठे आहे, हे बघण्यात आयुष्य गेलं. माणूस अगदी सरळ, पण प्रत्येक गोष्टीची खात्री करून घेणारा. घरात घड्याळ पाच मिनिटं मागे पडलं तरी त्यांना चैन पडत नाही. वहिनी बाहेर पडताना आकाशाकडे बघत नाहीत, भाऊजींकडे बघतात. ते म्हणाले छत्री घे, की घेतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर पत्र्याची शेड उभी केली. बडोद्यात आता निम्म्या गच्च्यांवर असते तशी; उन्हानं घर तापू नये, पाणी गळू नये म्हणून. पण भाऊजींची शेड म्हणजे साधं काम नव्हे. नकाशा त्यांचा, अँगल त्यांनी निवडलेले, पत्रे धरून ठेवणारे हूक त्यांनी एकेक करून हातानं ओढून पाहिलेले. वेल्डिंगवाला कंटाळून म्हणाला होता, "काका, विमान नथी बनावता." ती इतकी छान झाली की त्यांनी तशीच्या तशी दुसरी शेड कोयलीला मुलीच्या घरावर बांधून दिली. मुलगी तिथे गच्चीवर शिकवण्या घेते. शेड झाली आणि तिचा क्लास नांदायला लागला.

वादळाच्या दिवशी संध्याकाळी इथली शेड उडाली. सगळी नाही, एका कडेचे पत्रे. त्यांतला एक वहिनींच्या उजव्या कोपरावर आला. त्या गच्चीवर छुंदा आणायला गेल्या होत्या. आमच्याकडे कैरीचा छुंदा गुजराती पद्धतीनंच होतो, पातेल्याला मलमल बांधून उन्हात ठेवून. पातेलं शेडखाली राहिलं होतं. कोपराचं हाड असं काही मोडलं, की डॉक्टरांनी आत पट्टी घालून ते जोडलं, आणि हात पूर्वीसारखा वर जाईल की नाही ते सांगता येत नाही म्हणाले.

भेटायला येणारा प्रत्येक जण वहिनींनाच बोलायचा. "या वयात वादळात गच्चीवर जायचं काही अडलं होतं का हो?" "छुंदा काय जिवापेक्षा जास्त होता?" मीही बोलले असेन. वहिनी काही उत्तर द्यायच्या नाहीत. भाऊजी बाजूला बसून असायचे. ते रोज सकाळी त्यांचे केस विंचरून द्यायचे. वेणी इतकी वाकडीतिकडी व्हायची की बघून हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

आणि मग भाऊजींनी एक विषय डोक्यात घेतला. कोयलीची शेड उभी आहे आणि इथली उडाली. माल तोच, नकाशा तोच, माणसं तीच. म्हणजे माझ्या हातून इथे काहीतरी कच्चं राहिलं, किंवा नकाशाच चुकलाय आणि कोयलीची आज ना उद्या जाणार. तिथे तर पोरं बसतात. ते जेवताना हेच बोलायचे, आणि बोलता बोलता जेवणच सोडायचे. एक दिवस पुतणीचा मला फोन. "काकू, बाबांनी वेल्डिंगवाल्याला सांगितलंय, शुक्रवारी येऊन इथली शेड उतरव. उन्हात मुलं कुठे बसवू मी? आणि ते काही ऐकतच नाहीत गं. रडतात फोनवर. बाबांना मी कधी रडताना बघितलं नव्हतं. तू सांग ना त्यांना, तुझं रडार काय म्हणतंय ते."

तेव्हा मला लाज वाटली. जगाच्या वादळांची चित्रं उकलत बसते, आणि घरातल्या माणसाच्या जिवाला घोर लागलाय तर मी 'वाऱ्याला विचारा' म्हणतेय! त्याच दिवशी मी त्या संध्याकाळचा डेटा काढून बसले.

रडार आमच्यापासून लांब आहे, वायव्येला. त्याच्या चित्रात वाऱ्याचे रंग असतात. रडारकडे येणारा वारा हिरवा, रडारपासून लांब जाणारा लाल, जितका जोर तितका रंग गडद. त्या संध्याकाळी कोयलीवर हिरवा होता. आणि बडोदे शहरावर, नेमका आमच्या बाजूला, राखाडी पट्टा. चित्राच्या कडेला रंगांची पट्टी असते, तिच्यावर राखाडी म्हणजे शून्य.

आता इथेच सगळे फसतात. रडारला वारा जवळ येतोय की लांब जातोय एवढंच कळतं. जो वारा त्याच्यासमोरून आडवा जातो, तो जवळही येत नाही आणि लांबही जात नाही. तो कितीही बेफाम असो, चित्रात त्याचा शून्यच दिसतो. मुलांना मी पहिल्याच तासाला सांगते की राखाडी दिसलं की 'वारा नाही' म्हणायचं नाही, 'मला दिसत नाही' म्हणायचं.

मग आडवा वारा कसा ओळखायचा? त्याला एक साधी युक्ती आहे. पावसाचे ठळक ठिपके एका चित्रात कुठे आहेत आणि पुढच्या चित्रात कुठे गेले ते बघायचं. मी ते ठिपके एकेक करून धरले. कोयलीकडचे रमतगमत चालले होते. आमच्यावरचे, तो राखाडी पट्टा ओलांडताना, सुसाट सुटले होते, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, रडारच्या नजरेला अगदी आडवे. दुसऱ्या दिवशी मी होकायंत्र घेऊन सोसायटीभोवती फिरले. आसोपालव, कडुनिंब, शाळेच्या कुंपणाचे खांब, जे जे म्हणून अजून पडलेलं होतं, त्याची डोकी ईशान्येला. शेजारच्या बेन ओट्यावरून बघत होत्या. "शुं शोधो छो?" म्हणाल्या. मी म्हटलं, "वायरो," म्हणजे वारा. त्यांनी मला वेड्यात काढलं असणार.

माझा जीव भांड्यात पडला होता. इथे वारा होता, कोयलीला नव्हता. शेड कच्ची नव्हती. लॅपटॉप बगलेत मारून मी तशीच भाऊजींकडे गेले.

"भाऊजी, जरा बसा, तुम्हाला एक दाखवायचंय," मी म्हटलं आणि चित्र उघडलं. त्यांनी पाहिलं मात्र, आणि म्हणाले, "हे आहे माझ्याकडे." फोन काढून त्यांनी मला तेच चित्र दाखवलं. रडारची चित्रं सगळ्यांसाठी खुली असतात. भाऊजींसारखा माणूस वादळात ती बघत बसला नसता तरच नवल.

"शून्य आहे बघ आपल्यावर," ते म्हणाले. "पट्टीशी ताडून पाहिलं मी. झाडं काय, पावसानं मुळं सुटूनही पडतात. शून्य वाऱ्यात शेड उडाली, म्हणजे काय शेड बांधली मी!"

मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात ते पुढे म्हणाले, अगदी हळू, वहिनी आत होत्या म्हणून. "कुणाला बोललो नाही मी. हे बघूनच तिला म्हटलं होतं, वारा नाहीये, खुशाल जा वर. ती एरवी गेली नसती. एवढं एक बरं, की निदान ते तरी मी बघून सांगितलं होतं. उगाच नाही पाठवलं तिला."

मी काय सांगायला आले होते? वारा होता, म्हणून शेडचा दोष नाही. पण वारा होता, तर भाऊजींनी वहिनींना त्या वाऱ्यात धाडलं होतं. एका हातानं त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं आणि दुसऱ्या हातानं त्याहून जड ठेवायचं, असं ते झालं असतं. मी म्हटलं, "अजून नीट बघायचंय मला," आणि उठले. चहासुद्धा घेतला नाही.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग सांगू नकोस. शेड मोडली तर मोडू दे. दादा मोडायला नको." मी त्याच्यावर भडकले. पुतणीच्या क्लासचं काय, म्हटलं. आणि ज्यानं जन्मभर काटे वाचले, त्याला मी खोटा काटा खरा म्हणून मरेपर्यंत जपू देऊ? तो म्हणाला, "मग सांग." मी त्यावरही भडकले. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. भाऊजी माझ्यावर माया करतात. मी नवी लग्न होऊन आले तेव्हा माझा अभ्यास व्हावा म्हणून त्यांनी घरातल्या रेडिओचं बटण काढून खिशात ठेवलं होतं. त्या माणसाला मी हे सांगायचं!

शुक्रवार उजाडला. वेल्डिंगवाला भाऊजींना घेऊन कोयलीला जाणार होता. मी त्याच्या आधी पोचले. वहिनी झोपाळ्यावर बसून डाव्या हातानं कोथिंबीर निवडत होत्या. भाऊजी बूट घालून तयार.

"भाऊजी, बूट राहू द्या पायात, पण एक मिनिट इथे या," मी म्हटलं. "वहिनी, तुम्ही जरा झोका घ्या."

"काय गं हे सकाळी सकाळी?" वहिनी म्हणाल्या, पण त्यांनी पायानं रेटा दिला. मी भाऊजींना झोपाळ्याच्या समोर उभं केलं. "आता वहिनी जवळ येतात की लांब जातात?"

"येतात, जातात. हे काय विचारणं झालं?"

मग मी त्यांचा दंड धरून त्यांना झोपाळ्याच्या बाजूला नेलं, कड्यांच्या अगदी शेजारी. "आता समजा, तुम्हाला डोळे नाहीत. जवळ-लांब एवढंच कळतं. आता सांगा, वहिनी तुमच्याकडे येतायत का?"

"नाही."

"लांब जातायत?"

"नाही."

"मग झोका थांबलाय?"

झोपाळा भाऊजींसमोरून जात होता, येत होता, कड्या करकरत होत्या. काटे वाचणाऱ्या माणसाला दोनदा सांगावं लागत नाही. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"रडार बाजूला उभं होतं," ते म्हणाले.

"हो. शून्य नव्हतं ते. त्याला दिसलं नाही." मग मी पावसाच्या ठिपक्यांचं सांगितलं, झाडांच्या डोक्यांचं सांगितलं.

"म्हणजे वारा होता. केवढा?"

"वर भरपूर होता. जमिनीवर नेमका केवढा ते रडारला कळत नाही, त्याची नजर इथे पोचेपर्यंत आपल्या डोक्यावर किलोमीटरभर उंच जाते. मी मनचा आकडा सांगणार नाही. पण झाडं उन्मळण्याइतका खाली आला होता. कोयलीला तसा आलाच नाही. तुमच्या शेडला कच्ची म्हणायला माझ्याकडे काही कारण नाही, भाऊजी."

त्यांनी वेल्डिंगवाल्याला फोन लावला. "आज रहेवा दे," म्हणाले, "हूक वाढवायचे का ते बघू नंतर." फोन ठेवला आणि भिंतीला टेकले. मी ज्याला घाबरत होते ते आता आलं.

"म्हणजे मी हिला..." ते म्हणाले. मी त्यांच्याकडे बघूही शकले नाही. सांगून बसले होते, आणि आता जीभ उपटून टाकावी असं वाटत होतं.

झोपाळा थांबला. वहिनींनी कोथिंबिरीची थाळी खाली ठेवली.

"थांब," त्या मला म्हणाल्या. "पुन्हा सांग. त्या दिवशी, मी वर गेले तेव्हा, वारा होता?"

"होता, वहिनी."

"जोराचा? अगदी आवाज होईल असा?"

"होणारच की आवाज."

वहिनींनी चांगल्या हातानं तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, झालं, रडतायत. पण त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होत्या. "अगं बाई! होता! मला ऐकू येत होता गं! स्वयंपाकघरात होते तेव्हापासून. पत्रे थडथडत होते वर. मी यांना म्हटलंही, ऐका जरा. हे फोन दाखवून म्हणाले, पावसाचा आवाज असेल, वारा शून्य आहे. मला त्यातलं काय कळतंय? पण यांचं कधी चुकतं का? मग वाटलं, माझंच काहीतरी झालं. आईला व्हायचं तसं."

वहिनींच्या आईचं मी ऐकून होते. शेवटी शेवटी त्यांना नसलेले आवाज ऐकू यायचे, आणि मग घरची माणसंही ओळखू येईनाशी झाली.

"त्या दिवसापासून कुणाला बोलले नाही," वहिनी सांगत होत्या. "दारावरची बेल वाजली तरी आधी बघते, दुसरं कुणी वळून पाहतंय का. फोन वाजला तरी उचलत नाही, म्हटलं खरंच वाजतोय की मलाच ऐकू येतोय! देवा, मला वाटलं, चालले मी आईच्या वाटेनं."

फोन उचलत नाहीत म्हणून मी त्यांच्यावर दोनदा रुसले होते. दुखतंय म्हणून गप्प असतील, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कोपराचंच दुखणं आहे असं वाटून सगळे कोपराकडेच बघत होतो, आणि ही बाई रोज सकाळी उठून स्वतःचीच परीक्षा घेत होती.

भाऊजी येऊन झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसले. बूट तसेच पायात. "चुकलं गं माझं," ते म्हणाले. "फार चुकलं."

"तुमचं चुकलं ते राहू द्या हो," वहिनी म्हणाल्या. "माझं बरोबर होतं, ते म्हणा आधी."

"तुझं बरोबर होतं."

"मोठ्यानं," वहिनी म्हणाल्या.

भाऊजींनी मोठ्यानं म्हटलं.